ओट्यावरचं घरटं

ग्रीसमधल्या एका बेटावर लायकस नावाचा जुलमी राजा होता. भर चौकात एक दगडी ओटा होता. त्यावर चढून कुणीही राजाची चूक बोलून दाखवावी, ही तिथली जुनी रीत.

एकदा परदेशी पाहुण्यांना चौक दाखवताना लायकस फुशारकीनं म्हणाला, "आमच्याकडे खरं बोलायला पूर्ण मोकळीक! पण कुणाची तक्रारच नाही. काय हो टेलेसस?"

म्हातारा तत्त्वज्ञ टेलेसस पुढे आला. खोटं बोलवेना आणि खरं बोलावं तर मान जाणार! तो ओट्याच्या पायऱ्या चढू लागला आणि मध्येच थांबला.

"चढा की!" लायकस गुरकावला.

"कसा चढू, महाराज? वर चंडोल पक्ष्याची मादी अंडी उबवतेय. माणसांची पावलं पडतात तिथं हा पक्षी घरटं करत नाही. तुमच्या राज्यात निर्धास्त अशी ही एकटीच दिसते."

पाहुणे खो खो हसले. लायकस लालबुंद झाला. "फेकून द्या ते घरटं!"

"अवश्य फेका," टेलेसस शांतपणे म्हणाला. "ओट्यावर बसणाऱ्याचं इथं काय होतं, ते पाहुण्यांनाही दिसू दे."

घरटं राहिलं. टेलेससची मानही राहिली.