शेवंताने सरांना दिलेला धडा

खाडीकाठच्या एका शाळेत कस्तुरी तारी चौथीत शिकत होती. पोर हुशार होती, पण तिचं लक्ष म्हणजे सावरीचा कापूस. जरा झुळूक आली की निघालं तरंगत. अशा मुलांना शिकवायला तालुक्याहून विशेष शिक्षिका येत, पण त्यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र लागे. ते मागायला कस्तुरीची आई शेवंता मुख्याध्यापक परुळेकर सरांसमोर येऊन बसली.

"लक्ष देणं ही शिस्त आहे, बाई. पोरीला धाक दाखवा," सर म्हणाले.

शेवंता आपलं म्हणणं सांगू लागली. खिडकीबाहेर भरतीचं पाणी चमचमत होतं. शिडाची एक होडी संथ चालली होती आणि सरांची नजर तिच्यामागोमाग पार खाडीच्या मुखापर्यंत गेली.

"काय म्हणालात?" त्यांनी भानावर येत विचारलं.

तिने पुन्हा सांगितलं. तेवढ्यात सरांचा फोन वाजला. बोलणं संपवून ते म्हणाले, "हां, काय सांगत होतात?"

शेवंता उठली. सरांना विचारून तिने खिडकी लोटली, फोन बाजूला ठेवला, खुर्ची जवळ ओढली आणि एकेक गोष्ट सावकाश सांगितली. या खेपेला सरांना सगळं नीट समजलं.

"पण त्या शिक्षिका वेगळं असं करणार काय?"

"आत्ता मी तुमच्यासाठी केलं तेच," शेवंता म्हणाली. "आणि सर, धाक काही दाखवावा लागला नाही."

सरांनी लोटलेल्या खिडकीकडे आणि बाजूला ठेवलेल्या फोनकडे पाहिलं. मग स्वतःशीच हसले आणि पत्र लिहायला त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.