कानातली कणीक

"बुवा, तुमचा डावा हात हल्ली हलका पडतोय का?"

शार्दूलनं विचारलं खरं, पण विचारताना त्याची नजर बुवांच्या हाताकडे नव्हती. मठाच्या फरशीकडे होती.

रखमाजीबुवा पखवाजाला कणीक लावत बसले होते. पखवाजाचं डावं तोंड कोरडं वाजवत नाहीत. त्यावर ओल्या कणकेचा जाड थर थापतात. त्या वजनानं आवाजाला खर्ज येतो, आणि वाजवून झालं की कणीक खरवडून काढतात.

बुवांचं थापणं थांबलं नाही.

"कोण म्हनतं?"

"मीच म्हणतोय."

"बरं… मग आसंल काहीतरी."

शार्दूल वाद घालायच्या तयारीनं आला होता. समोरचा वादाला उभाच राहिला नाही, की सगळी तयारी वाया जाते.

बुवांकडे शिकायला लागून त्याला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं म्हणजे आपल्याला सगळं येतं असं वाटायला पुरेशी आणि काय येत नाही ते कळायला अपुरी. रामनवमी आठ दिवसांवर आली होती. जन्माच्या कीर्तनाला पखवाजावर बुवा बसत. शार्दूल जन्मायच्या आधीपासून बसत होते. यंदा तिथं आपण बसावं असं त्याच्या मनात होतं. त्यात पाप काही नव्हतं. पण माणसाच्या मनातल्या इच्छेला पुरावा मिळाला, की ती फार लवकर न्यायाधीश होते.

पुरावा त्याच्या मोबाइलमध्ये होता.

"गेल्या गुरुवारी तुमचं वाजवणं रेकॉर्ड केलं," तो म्हणाला. "घरी जाऊन इअरफोन लावून दहा वेळा ऐकलं. उजव्या हाताचा बोल न् बोल स्वच्छ येतो. डाव्याला मात्र दमच नाही. बास लागतच नाही."

"बास म्हंजी?"

"खर्ज, बुवा. पोटात घुमतो ना, तो."

"तुजं ते यंत्र बिघडलं नसंल?"

"सगळं करून बघितलं. सेटिंगमध्ये जाऊन बास पूर्ण वाढवला, तर आवाज नुसता फाटला. दुसऱ्या फोनला लावून पाहिलं. इअरफोनची जाळी ब्रशनं साफ केली. इअरफोन स्वस्तातले आहेत, पण कोरे करकरीत आहेत. त्यांच्यात काही दोष नाही. म्हणून मग…"

"म्हनून मग म्या."

शार्दूल इअरफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिला.

"आयकू दे तरी," बुवा म्हणाले.

त्यांनी उठून हात धुतले, धोतराच्या सोग्याला पुसले आणि ते वायरवाले इअरफोन दोन्ही हातांनी घेतले. शार्दूलनं दाखवलं तसे कानांत घातले. डोळे मिटले.

स्वतःचं वाजवणं असं बाहेरून ते पहिल्यांदाच ऐकत होते. दुसऱ्या कुणाला घाबरायला झालं असतं. बुवा एखाद्या अनोळखी वादकाला ऐकावं तसे ऐकत राहिले. मान ना होकाराला हलली, ना नकाराला.

"खरं हाय तुजं," शेवटी ते म्हणाले. "पोकळ वाजतंय."

जे ऐकायला शार्दूल आला होता तेच त्याला ऐकायला मिळालं. बुवा आपला डावा तळवा उलटासुलटा करून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खंत नव्हती. रोज सोबत जेवणारं माणूस आज थकलेलं दिसावं, तसे ते त्या हाताकडे बघत होते.

आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं शार्दूलला वाटलं. पण मोबाइल हातात होता आणि रेकॉर्डिंग खोटं बोलत नाही, असंही वाटलं.

"परत लाव."

त्यानं परत लावलं. या वेळी डावीकडचा इअरफोन कानातून घसरायला लागला. बुवांनी तो बोटानं आत दाबून धरला.

आणि ते एकदम स्तब्ध झाले.

त्यांनी बोट काढलं. पुन्हा दाबलं. काढलं… दाबलं… शार्दूलला वाटलं, बुवा कानाशी ताल धरतायत. त्याला तर काहीच ऐकू येत नव्हतं. त्याला फक्त बोट दिसत होतं, आणि बुवांच्या डोळ्यांच्या कडांना जमत चाललेलं हसू.

बुवांनी इअरफोन काढून तळहातावर घेतला. त्याच्या टोकाची रबराची टोपी चिमटीत धरली.

"ह्येला दुसऱ्या टोप्या न्हवत्या का?"

"होत्या. लहान-मोठ्या. ते पाकीट अजून फोडलं नाही."

"का रं?"

"जी लावून आली ती बसली की कानात."

"बसली व्हय…"

बुवांनी परातीतली चिमूटभर घट्ट कणीक घेतली. दोन बोटांत वळून तिची वात केली आणि ती रबराच्या टोपीभोवती गुंडाळली. जाळीला कण लागू दिला नाही. दुसऱ्या इअरफोनलाही तसंच केलं. शार्दूल बघत होता. म्हातारा आता माझे इअरफोन घालवणार, एवढंच त्याच्या मनात आलं.

"हिकडं ये."

बुवांनी त्याचा कान वर ओढून धरला आणि इअरफोन आत बसवला. मग दुसरा कान. सहा वर्षांत त्यांनी या पोराचा कान कधी धरला नव्हता.

ओसरीवरच्या चिमण्यांचा आवाज बंद झाला. नळाच्या पाण्याचाही. समोर बुवांचे ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हते.

मग बुवांनीच मोबाइलवर बोट ठेवलं.

पहिली थाप पडली आणि शार्दूलनं दचकून छातीला हात लावला.

तेच रेकॉर्डिंग होतं. सेटिंगला त्यानं हात लावला नव्हता. टोपी आणि कान यांच्यात राहणारी फट तेवढी कणकेनं बुजली होती. पण उजव्या हाताच्या प्रत्येक बोलाखाली आता जमीन आली होती. डाव्याची थाप खोल जात होती, तिथं अंमळ थांबत होती आणि सावकाश वर येत होती. जोर कुठंच नव्हता. नुसतं वजन होतं. बहात्तर वर्षांचा हात एवढं ओझं इतकं अलगद ठेवत होता, आणि आपण त्याच्या शेजारी सहा वर्षं बसूनही… शार्दूलचे डोळे भरून आले. लाज तर वाटलीच. पण लाजेपेक्षा कौतुक मोठं होतं. असा माणूस आपल्याला शिकवतो, हे त्याला त्या क्षणी अंगभर कळलं.

दहा वेळा ऐकलं होतं त्यानं. आणि एकदाही ऐकलं नव्हतं.

रेकॉर्डिंग संपलं. त्यानं इअरफोन काढले.

"बुवा, तुमचा हात…"

"कान पूस आदी. कनीक ऱ्हायलीय."

त्यानं कान पुसला. मग जे सांगायचं नव्हतं तेही सांगून टाकलं.

"मी अण्णासाहेबांशी बोललोय." अण्णासाहेब मठाचा कारभार बघत. कीर्तनाला साथीला कोण, हे तेच ठरवत. "तुम्हाला न विचारता बोललो. बुवांचं आता होत नाही म्हणालो."

"ठावं हाय. परवाच येऊन गेलं ते."

शार्दूलला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मग… तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, पोराचा कान चांगला हाय. त्यो म्हनतोय तर बगाय पायजे."

परातीतल्या कणकेवर एक माशी बसली. बुवांनी ती हातानं वारली.

शार्दूल उठला. "आत्ता जातो अण्णासाहेबांकडं."

"जाऊन काय सांगशील?"

"माझी चूक झाली म्हणून सांगतो. जन्माच्या कीर्तनाला तुम्हीच बसणार."

"चूक झाली त्ये सांग," बुवा म्हणाले. "बसायचं मातुर तू."

"मी?" शार्दूल गोंधळला. "अहो, पण तुमच्या हाताला काहीच झालेलं नाही. मी आत्ता ऐकलं ना…"

बुवांनी पखवाज उचलला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला.

"हात गेल्यावर जागा नुसती सुटती रं, बाळा… द्यायची आसंल तर हात आसतानाच द्यावी लागती."