हरणकोंडच्या सड्यावरची उखळं

आधीच माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हातून चुकतं आणि मोठे शब्द मला येत नाहीत. पण काल कोल्हापूरहून आलेल्या पाहुण्यांनी जाताना सांगितलं, की काकांनी सांगितलेली गोष्ट कुणीतरी लिहून ठेवा. काका म्हणजे आमच्या हरणकोंडचे गावकार, गावचे प्रमुख, गंगारामकाका. त्यांना लिहायचा कंटाळा, म्हणून मी लिहितोय.

आमच्या गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा उघडा सडा आहे, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ. त्याच्या मधोमध, जमिनीतच कोरलेली उखळं आहेत, गोल मांडलेली. जणू कुणी पंगत बसवावी आणि पंगतीला सुरुवात-शेवट ठेवूच नये. खरं म्हणजे जांभ्यात कुणी उखळ कोरत नाही. तो भुसभुशीत दगड, कांडताना त्याची कच भातात उतरते. पाहुण्यांनी तेच विचारलं, तर काका हसले. म्हणाले, "शहाण्यानं कोरली नसती. आमच्यावर पाळी आली होती."

फार पूर्वी, किती ते काकांनाही ठाऊक नाही, गावावर एक खोत होता. त्याचं काम शेतसारा गोळा करून सरकारात भरायचं, पण तो स्वतःच राजा होऊन बसला होता असे सांगतात. त्यानं घराघरातली उखळं फोडून टाकली. कुणाचंही भात असो, ते त्याच्याच अंगणात कांडायचं. आधी त्याचं, मग आपलं. अख्खा तांदूळ त्याचा, कणी आपली. बायका दिवस कलेपर्यंत मुसळ चालवत आणि तान्ही पोरं घरी रडत असत. त्याची माणसं वाटेल त्या घरात उतरत आणि जेवूनखाऊन जात. भांडण त्याच्याशी झालं तर न्यायही तोच करी. गावानं हात जोडून गाऱ्हाणी घातली. एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. प्रत्येक वेळी जो पुढे होऊन बोलला, त्याचं घर जळालं.

इथे काका नेहमी थांबतात. "माणूस उगाच उठत नाही," म्हणतात. "सोसवतं तोवर सोसतो."

तर गावात लुमाजी नावाचा कुणबी होता. त्यानं एकदा सगळ्यांना सड्यावर बोलावलं. म्हणाला, "आपुन खोताचं काय हिसकावत नाय. आपला हात आपला हाय, एवढंच सांगायचं. देवानं खोताला दोन हात दिले, आपल्यालाबी दोनच दिले. यापुढं आपलं भात आपुन कांडायचं. पन चोरून नाय. शेजारच्या गावांना बोलवायचं आणि कारणं सांगायची. न सांगता येगळा होतो तो पळपुटा."

मग ठरलं, की उखळं घरात नकोत, तिथे ती पुन्हा फोडता येतील. ती सड्यातच कोरायची. डोंगर कोण फोडणार? आणि गोल कोरायची, म्हणजे पहिला कोण ते खोताला कळणार नाही. पुढे कोणी व्हायचंच नाही, सगळ्यांनी एकदम व्हायचं.

सड्यावरून गाव खाली दिसतं. लुमाजीनं संध्याकाळी चुलींचे धूर मोजले, आणि जितके धूर तितक्या जागा कोळशानं आखल्या. पण कोरायची वेळ आली तेव्हा जाणते म्हणाले, "हा शेवटचा धूर त्या आवडीच्या घरचा. ती रांडमुंड, घरात पुरुष नाय. खोतापुढं कारणं कोण सांगनार? ते घर धरू नका." लुमाजीलाही ते पटलं. जागा तशीच राहिली. कारणं सांगायच्या दिवसापर्यंत सगळ्यांची उखळं तयार झाली, आणि गोलाला एक खिंड राहिली.

त्या दिवशी सकाळी खोताचा कारभारी सड्यावर येऊन पोचला. त्यानं एक फेरी मारली आणि खिंडीपाशी येऊन हसला. "गोल म्हनता होय? जिथं तुटलाय तिथंच सुरू झालाय. ह्या टोकाचं कुनाचं, त्या टोकाचं कुनाचं, एवढं कळलं की झालं. दुपारी खोत येतील तेव्हा पहिल्याचे दोन्ही हात ह्याच उखळात ठेवून मुसळ घालू." आणि तो खाली गेला.

खिंडीच्या टोकाचं उखळ लुमाजीचंच होतं.

कुणी म्हणालं लुमाजीनं पळावं, कुणी म्हणालं कारणं सांगणंच राहू द्यावं. एवढ्यात आवडी पहार खांद्यावर टाकून सडा चढून आली. कुणाशी न बोलता ती मोकळ्या जागी बसली आणि कोरायला लागली. एक जाणता म्हणाला, "आवडे, तुजं घर यात धरलेलं नाय."

आवडीनं मान वर केली नाही. "खोताच्या अंगनात कांडाया बोलावताना माजं घर धरत व्हते. तवा कोन म्हनालं नाय, हिच्या घरात पुरुष नाय म्हनून? वझं उचलायला घर, आनि मान उचलायला नाय?"

 मग लुमाजी म्हणाला, "वयनी, चूक माजी. धूर मोजला आनि मानूस सोडला."

"मग हुबा का? कच काढ," आवडी म्हणाली.

पण अडचण अशी, की नवं कोरलेलं उखळ लालभडक दिसत होतं आणि बाकीची उन्हानं काळवंडायला लागली होती. खिंड बुजली तरी ओळखू येणार होती. तेव्हा आवडीच म्हणाली, "आपापलं उखळ पुन्हा खरवडा. सगळीच आजची होऊ देत." बायका, पुरुष, म्हातारे सगळे बसले. पहार, कोयता, खुरपं, हाती येईल ते घेऊन. सडा लाल धुळीनं भरून गेला म्हणे, खालच्या गावांना वाटलं वर वणवा लागलाय. ती गावं धावतच वर आली.

खोत आला तेव्हा शेजारची माणसं कडेनं उभी होती आणि हरणकोंडची माणसं कोपरापर्यंत लाल होऊन उखळामागे बसली होती. खोत म्हणाला, "तुटलेलं कुठं हाय? दाखव." कारभारी गोल फिरला. पुन्हा फिरला. तिसऱ्यांदा फिरायला लागला तेव्हा शेजारच्या गावातला एक म्हातारा म्हणाला, "कारभारी, घाण्याला जुंपलंय काय?" आणि सगळा सडा हसला. खोताला हसण्याचा आवाज त्या मुलखात कुणी कधी ऐकवला नव्हता.

मग एकेका उखळामागून एकेक कारण सांगितलं गेलं. रडून नाही, शिवी देऊन नाही. माझ्या घरात तुमची माणसं न विचारता उतरली. माझ्या भावाचं घर जाळलं आणि न्याय जाळणाऱ्यानंच केला. आवडीची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी कांडत व्हते तवा माजं लेकरू घरी रडून रडून गेलं."  खोतानं शेजारच्या माणसांकडे पाहिलं. ती कारणं त्यांचीही होती. कुणाचा हात धरायचा ते त्याला कळेना. तो उतरून गेला, आणि पुन्हा हरणकोंडचं भात त्याच्या अंगणात गेलं नाही.

पहिल्या वर्षी भातात इतकी कच होती की म्हाताऱ्यांनी ते न चावताच गिळलं, असे सांगतात. लुमाजी म्हणाला, "खडे असू देत. आपले खडे हायत."

आजही नवं भात घरात आलं की आम्ही सड्यावर जातो, शेजारच्या गावांना बोलावतो आणि ती कारणं सांगतो. खोत जाऊन जमाना झाला, पण कारणं सांगायची थांबली नाहीत. आता ज्याला जे सलत असेल ते गावकाराच्या तोंडावर सांगता येतं. गेल्या वर्षी काकांनाच ऐकावं लागलं, की नळाचं पाणी आधी त्यांच्या वाडीला सुटतं. काका खाली मान घालून म्हणाले, "खरं हाय." नवं घर झालं की जुन्या गोलाबाहेरच्या ओळीत त्याचं उखळ कोरतात. मला या गावचा म्हणवून घ्यायला फार अभिमान वाटतो.

गोष्ट संपल्यावर पाहुण्यांतल्या एका ताईंनी विचारलं, "मग आता गावात उखळ नसलेलं कुणी नाही ना?"

काका खाली आंब्याच्या बागेकडे बघायला लागले.   तिथे मानबहादूर राखणीला असतो, नेपाळचा. बायको सुनमाया आणि दोन मुली. मुली आमच्याच शाळेत जातात. किती वर्षं झाली, तो आमच्या वणव्याला धावतो, आमच्या मयताला खांदा देतो. त्याची चूल आम्ही कुणी मोजली नव्हती.

आज सकाळी मी पहार घेऊन बागेत गेलो. मला बोलायला जमत नाही, वाटेत काय बोलायचं ते घोकत होतो, तरी दारात गेल्यावर विसरलो. मानबहादूर पहारीकडे बघून म्हणाला, "काय रे, खड्डा मारायचाय?"

मी म्हटलं, "हो. वर सड्यावर. तुमचा. वहिनींना आणि मुलींना पण घ्या."