खाटेवरचा निकाल

वकिलाची बोलती बंद करण्यात माझा हात धरणारा आमच्या पेठेत कोणी नाही. पण त्या दिवशी कोर्टात मी नुसता टोपी सांभाळत बसलो होतो. शेजारच्या द्रुपदाबाईला दम्यामुळे सूतगिरणीने काढून टाकलं होतं. नेमलेल्या लवादानेही गिरणीचीच री ओढली होती. आता कोर्ट हीच तिची शेवटची आशा.

गिरणीचा वकील पोट पुढे काढून म्हणाला, "आजारी माणसाच्या कामाचा भरवसा नसतो, साहेब. लवादाचा निकाल कायम करा."

जजसाहेबांनी विचारलं, "बाई, तुम्हाला काही म्हणायचंय?"

द्रुपदाबाई धाप आवरत उठली. "साहेब, लवादसाहेबांनी हा निकाल घरी खाटेवर पडून, नाकात नळी घालून दिला. आजाऱ्याच्या कामाचा भरवसा नसेल, तर तो निकाल फाडा. असेल, तर मला कामावर घ्या."