नाईकाचा फेटा

फार फार मागं, तटाच्या आत वसलेलं एक नगर होतं. त्याच्या वेशीवर एक पहारेकरी होता, डोंगरपट्टीच्या लोकांतला, रंगानं काळाभोर. जुन्या कोतवालानं त्याचं इमान पाहून त्याला वेशीचा नाईक केलं. लाल फेटा बांधला आणि बायकांनी त्याला वेशीत ओवाळलं. रीतच होती तशी. नगरानं ओवाळल्याशिवाय कुणी नाईक व्हायचा नाही.

पुढं कोतवाल बदलला. नवा आला तो गोरागोमटा, आणि त्याला माणसंही आपल्यासारखीच लागायची. डोंगरातल्या एकालाही त्यानं वर चढू दिलं नाही. एके दिवशी भर वेशीत त्यानं नाईकाचा फेटा उतरवला.

"सरकार, माझं चुकलं काय?"

"चुकलं काही नाही रे. पण पाहुणा आला की पहिलं तुझंच तोंड दिसतं. वेशीची शोभा जाते!"

माणसं फिदीफिदी हसली. तोच फेटा एका नवख्या गोऱ्या शिपायाच्या डोक्यावर चढला. बायका ताटं घेऊन पुढं झाल्या. त्यांत नाईकाची शेजारीणही होती.

"वैनी, तुम्हीसुद्धा?"

ती खाली बघत म्हणाली, "रीत आहे, भावजी. मी काय करणार?"

त्याला मसणवाटेच्या राखणीला धाडलं. त्यानं राजाकडं दाद मागितली. पण दाद लागेस्तोवर त्याचे केस तिथंच पिकले, अन् बायकोलाही त्यानं तिथंच पोचवलं.

अखेर राजानं नगराला बोलावलं. कोतवाल तोवर मरून गेला होता. लोक हात जोडून म्हणाले, "महाराज, फेटा कोतवालानं काढला. आमचा काय दोष?"

"कोतवाल कारभार नगराच्याच नावानं करत होता ना? आणि नव्या नाईकाला ओवाळलं कुणी?"

मग राजानं निवाडा दिला.

"भरपाई नगरानं करायची. दर सुगीला घरटी पायलीभर धान्य याच्या दारात घाला. आणि फेटा तुमच्याच हातानं बांधा."

वेशीत पुन्हा ताटं सजली. शेजारणीनं फेटा पुढं केला. म्हाताऱ्यानं तो घेतला, कपाळाला लावला आणि परत दिला.

"राहू द्या, वैनी. आता मान पेलत नाही. आणि घरची तिकडं एकटीच आहे."

असं म्हणून तो मसणवाटेकडं चालू लागला. धान्य तेवढं दर सुगीला नगरातल्या त्याच्या बंद दारात पडत राहिलं.

तात्पर्य इतकंच, लेकरांनो: अन्यायाला मुकाट्यानं ओवाळणाऱ्या नगरालाच तो शेवटी फेडावा लागतो, आणि फेडला तरी गेलेला जन्म कुणाला परत मिळत नाही.