हरिणीचे मंडळ आणि सशीण

बालमित्रांनो, सागाच्या एका दाट जंगलात, नदीच्या वळणावर, एक म्हातारी हरिणी राहत असे. जंगलातल्या आया चरायला लांब गेल्या की मागे पिल्लांचे फार हाल होत. म्हणून हरिणीने लांडोर, खार, सशीण अशा शेजारणींना गोळा करून एक मंडळ उभे केले. आळीपाळीने सगळ्यांची पिल्ले सांभाळायची आणि त्याबद्दल कुणाकडून काही घ्यायचे नाही, असा मंडळाचा नेम होता.

प्रमुख हरिणीच होती. पण पिल्लांना फिरायला नेताना ती रोज एकीला पुढे चालायला लावी. सशिणीची पाळी आली की ती कान पाडून म्हणे, "आजी, मला नका हो सांगू. भीती वाटते." एकदा तर तिने सगळ्यांना चिखलातच नेले. लांडोर चिडली, "हिला कशाला पुढे करता?" हरिणी शांतपणे म्हणाली, "आज चुकली, म्हणून उद्याही तीच पुढे चालेल."

एका उन्हाळ्यात जंगलात वणवा पेटला. पिल्ले रडू लागली. सगळ्या हरिणीकडे धावल्या; पण तिची नजर अधू झालेली, धुरात तिला काहीच दिसेना. "सशे, तूच बघ आता. पिल्लांना घेऊन नीघ, मी येते," ती म्हणाली. सशिणीने पाडलेले कान ताठ केले आणि ती पुढे झाली. "लांडोरताई, झाडावर बसून आग कुठे आहे ते सांगा. खारूताई, कुणी मागे राहू देऊ नका!" लांडोर वरून ओरडली, "नदीकडची वाट मोकळी आहे!" उथळ पाण्यातून सगळी पिल्ले पलीकडच्या वाळूवर पोचली.

हरिणी मात्र आली नव्हती. पिल्लांना लांडोरीवर सोपवून सशीण पुन्हा धुरात शिरली. हरिणी एका झाडाला टेकून उभी होती. "कशाला परत आलीस गं?" तिने विचारले. "तुम्हाला न्यायला. माझ्या पावलांचा आवाज ऐकत या," सशीण म्हणाली. ती चार पावले टाकी, थांबे, हाक मारी, पुन्हा चाले. दोघी वाळूवर पोचल्या तेव्हा पिल्ले हरिणीला बिलगली. सशिणीच्या तोंडावरची काजळी हरिणी कितीतरी वेळ चाटून पुसत राहिली.

तात्पर्य : आपल्यामागे चांगले काम थांबू नये असे ज्याला वाटते, त्याने इतरांना पुढे होऊ द्यावे आणि ते चुकले तरी त्यांच्यावरचा विश्वास सोडू नये.