पोकळ जोंधळ्याची पायली

पूर्वी वेत्रवती नगरीवर दृढवर्मा राजाचे राज्य असताना बोधिसत्त्वाने मापाऱ्याच्या कुळात जन्म घेतला. नाव तुलक. राजाच्या कोठारातून तो पायलीने जोंधळा मापून पाकशाळेत देई.

एकदा शत्रूने नगरीला वेढा घातला. जमिनीखालचे धान्याचे नवे पेव उघडताना थोरला मापारी पिंगलक राजाला म्हणाला, "चाळीस दिवसांचा दाणा आहे, महाराज." पण रोजच्याइतक्याच पायल्या शिजत असूनही सैनिक अर्धपोटी उठू लागले. स्वयंपाकीण नंदिका चोरते, असे राजाने ठरवले. "उद्या हिला बुरुजावरून ढकला."

"दादा, मापलंत तुम्ही," नंदिका तुलकाला म्हणाली. "मग गप्प का?"

तुलकाला कारण ठाऊक होते. दाणे किड्यांनी आतून पोखरले होते. पायली काठोकाठ भरे, पण हाताला हलकी लागे. तो पिंगलकाकडे गेला आणि दाणा पोकळ असल्याचे त्याने सांगितले.

पिंगलक खेकसला, "दुधाचे दात पडलेत का तुझे? बापजाद्यांनी पायलीनंच मापलं. तोंड उघडलंस तर तिच्याआधी तू खाली जाशील."

पिकल्या केसांच्या त्या माणसाला बाईच्या जिवापेक्षा आपला शब्द मोठा होता. कोठारातले बाकीचे वडीलधारे आपापली मापे उचलून कामाला लागले.

सकाळी नंदिकेला बुरुजावर उभे केले. पिंगलकाच्या धमकीने तुलक भ्याला होता. तरी तो तराजू घेऊन पुढे झाला. राजाच्या ताटासाठी राखलेला जोंधळा त्याने पायलीत भरला, वरून हात फिरवून सपाट केला. पाच वजने लागली. मग पेवातला दाणा, तीच पायली, तशीच सपाट. तीनच लागली.

"तराजू खोटा आहे!" पिंगलक ओरडला.

"पारडी बदलून बघा, काका."

राजाने स्वतः बदलली. तीनच.

"म्हणजे चाळीस दिवस..."

"चोवीस, महाराज. गेल्या दहा दिवसांत त्यातला सहा दिवसांचा दाणा सरला."

तटाबाहेर शत्रूचे नगारे वाजत होते.

"नंदिकेला सोडा! या म्हाताऱ्याला ढकला!"

तुलकाने राजाचे पाय धरले. "त्यानं दाणा वाढणार नाही, महाराज. उरलेला वजनानं वाटू. आपल्या ताटापासून."

राजाने पिंगलकालाही सोडले आणि त्याच दिवशी तहाचा दूत धाडला. तिथून अठराव्या दिवशी तह होऊन वेढा उठला, तेव्हा पेवात झाडायलाही दाणा उरला नव्हता.

ही कथा सांगून भगवान शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद आणि नंदिका म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा. पिंगलक म्हणजे तुमच्यात वयाचा मान मागत पुढे बसलेला, पण आपली चूक कबूल न करणारा हा थेर, हा वृद्ध भिक्षू. भ्यालेला तुलक मीच होतो. भीती सरायची वाट न पाहता बोलले जाते, ते सत्य. ही सत्यपारमिता."